पाटीवरचा प

"हे नाव गेलंय," डोनालिन म्हणाली. "दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीवर आहे."

व्हर्न स्लिव्का हसला. गाड्यांचे कागद करून देणाऱ्या तिच्या दुकानात तो आज ताठ मानेनं आला होता. अकरा वर्षं गॅरेजात खपून हातानं जोडलेली त्याची गाडी काल सरकारी तपासणीत पास झाली होती. खोक्यांतून सुटी सुटी आलेली, उघड्या टपाची, दोनच माणसांची गाडी. आधी मडगार्ड तोकडं म्हणून नापास, मग हँडब्रेक ढिला म्हणून नापास. काल मात्र तपासनीस विजेरी घेऊन गाडीखाली शिरला, बाहेर येऊन पाठ झाडली आणि म्हणाला, "आता पाटी लाव आणि उतर रस्त्यावर, म्हाताऱ्या."

पाटीसाठीच तर सगळा खटाटोप होता. या राज्यात थोडे जास्त पैसे भरले की नंबराऐवजी हवं ते नाव घेता येतं. अट एकच, ते दुसऱ्या गाडीवर नसावं. व्हर्नला आपल्या बायकोचं नाव हवं होतं. लोरेन नव्हे, त्या नावानं तर सगळं गाव तिला हाक मारायचं. त्याला हवं होतं त्यानं ठेवलेलं नाव. स्लोव्हाक भाषेत छोट्या बेडकीला झाबका म्हणतात, आणि लोरेन हसायला लागली की घशातून तसाच आवाज काढायची. आता, व्हर्नची स्लोव्हाक म्हणजे आजीच्या तोंडून कानावर पडली तेवढीच. लिहायचा ब आणि बोलताना ऐकू येतो प, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. लग्नाआधीच्या पहिल्याच चिठ्ठीत त्यानं ठोकून दिलं होतं, झापका. लोरेन पोट धरधरून हसली. मग तेच राहिलं. चारचौघांत कधी उच्चारलं नाही, फक्त दोघांचं. ती जाऊन दोन वर्षं झाली तरी एकटा असला की तो ते म्हणून बघायचा.

"ब नं असेल ते," तो म्हणाला. "या गावात स्लोव्हाक काय कमी आहेत? तू प नं बघ."

"प नंच बघितलं, बाबा. ब वालं मोकळं आहे. ते देऊ का? शुद्धसुद्धा आहे, माझी आजी वरून आशीर्वाद देईल."

व्हर्नचं हसू तोंडावर तसंच राहिलं. प नं लिहिणारा मूर्ख साऱ्या जगात एकच होता.

"कुणाची गाडी आहे?"

"ते सांगितलं तर माझं दुकान बंद होईल. सहा वर्षं झालीत घेऊन, एवढं कळतंय." डोनालिनची नजर संगणकाच्या पडद्यावरून खिडकीबाहेर गेली आणि चटकन खाली आली. "ब वालं घे, व्हर्न. ऐक माझं."

व्हर्ननं खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर एकच गाडी होती. व्हर्नला इथे घेऊन आलेली, त्याच्या घराशेजारच्या क्लाइडची निळी गाडी, नेहमीसारखी उलटी लावलेली, तोंड रस्त्याकडे आणि ढुंगण विटांच्या भिंतीला टेकवून. क्लाइड गावच्या आगबंबावर फुकट सेवा करायचा. आग लागली की मागेपुढे करायला सवड नसते, म्हणून सगळे बंबवाले गाडी अशीच लावतात. आणि या राज्यात पाटी असते फक्त मागे. शेजाऱ्याच्या गाडीची पाटी तशीही कोण वाचतं?

व्हर्नकडे स्वतःची चालती गाडी नव्हती. गॅरेजातल्या गाडीला इंजिन घ्यायला पैसे कमी पडले तेव्हा होती ती त्यानं विकून टाकली होती. "मग मी कशानं जाऊ?" लोरेननं विचारलं होतं. "क्लाइड आहे की," व्हर्न म्हणाला होता. क्लाइड होताच. बाजाराला क्लाइड, चर्चला क्लाइड, पुढे दर आठवड्याला शहरातल्या इस्पितळात सुई टोचून घ्यायलाही क्लाइड. निघताना ती गॅरेजच्या दारात उभी राहायची. व्हर्न गाडीखालून पाना हलवून निरोप द्यायचा. "तुझ्यासाठीच चाललंय ना हे सगळं," असंही म्हणायचा. त्याला ते मनापासून खरं वाटायचं, हीच तर वाईट गोष्ट. ती गेली तेव्हा गाडीला पुढची काचसुद्धा बसली नव्हती.

तो बाहेर आला. क्लाइडनं आतून दार उघडून धरलं.

"झालं काम? चल, गरम सूप पिऊ कुठेतरी. आज माझ्याकडून."

व्हर्न बसला नाही. बॉनेटच्या कडेला उभा राहिला. "क्लाइड, गाडी जरा पुढे घे."

"कशाला?"

"घे पुढे."

क्लाइडचा हात किल्लीवर गेला आणि तिथेच राहिला. गाडी चालू झाली नाही. मागे बघायची गरजच उरली नाही. व्हर्ननं बॉनेटवर हात टेकला. ते अजून कोमट होतं.

"मी तिला म्हटलं होतं," क्लाइड म्हणाला, स्टिअरिंगकडे बघत. "म्हटलं, हे नाव व्हर्नच्या गाडीसाठी राहू दे."

"मग?"

"म्हणाली, नाव चालत्या गाडीला द्यावं."