बँडमास्तरांनी ऐकलेला जॅझ

वरातीत गोविंदाची क्लॅरिनेट चाल सोडून भलतीकडे धावली, की बँडमास्तर पंजाबरावांची छडी त्याच्या पाठीत बसायची. शेवटी त्यानं मिशन दवाखान्यातल्या डॉक्टरांचा चावीचा ग्रामोफोन आणि त्यांची आवडती जॅझची तबकडी मागून आणली अन् मास्तरांना समोर बसवलं.

"ऐका मास्तर. तिकडं अमेरिकेत सारे असेच वाजोतेत, ज्याच्या त्याच्या मनानं."

मास्तरांनी भोंग्याला कान लावून अख्खी तबकडी ऐकली. मग उपरण्यानं डोळे पुसले. गोविंदाला वाटलं, जिंकलो!

"बिचारे," मास्तर म्हणाले, "या साऱ्यायचा मास्तर मेला दिसते."

दुसऱ्या दिवशी नेरच्या वरातीत गोविंदा खुशाल भरकटला. पाठीत छडी बसली.

"मी जित्ता हावो ना बे अजून!"