जैतूनबीचा थांबा

किल्ल्याच्या दारापाशी फेरी थांबली, तेव्हा रुक्साना सगळ्यांच्या पुढे उभी होती. 'आपल्या गावच्या जुन्या बायका' या शाळेच्या फेरीतला हा तिसरा थांबा. प्लेगच्या साथीत घरोघर जाऊन बाळंतपणं करणारी जैतूनबी दाई इथं, शाळेतल्या एका मुलीच्या रूपात, लोकांशी बोलणार होती. जैतूनबी म्हणजे रुक्सानाची पणजी. सिद्दी बाई, काळीभोर. तिची गोष्ट शाळेत सांगितली ती रुक्सानाच्या लेकीने, इफ्रानेच. महिनाभर घरात तिचं त्याच भूमिकेचं पाठांतर चाललं होतं.

जैतूनबी बनून दारातून आली ती इफ्राच्या वर्गातली संस्कृती. गोरीपान पोर, तोंडाला आणि हातांना काजळ फासलेलं. डबी संपली असावी, कारण कानांमागे गोरा रंग तसाच राहिला होता. बोलली मात्र खणखणीत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रुक्सानाचेही हात वाजले.

मग तिला इफ्रा दिसली. मागे, राणी झालेल्या मुलीला वारा घालणारी दासी. तोंडावर पावडरचा एवढा थर, की मान दुसऱ्याच पोरीची वाटावी. आई दिसताच तिने पंखा तोंडासमोर धरला.

फेरी बसवणाऱ्या फिरदोस मॅडम लगबगीने पुढे आल्या. "इफ्राचा आवाज बारीक आहे हो. मागच्यांना ऐकू गेला नसता."

"असंल की," रुक्साना म्हणाली. "पण ही पावडर कशापायी?"

दासीला पावडर लावा, असं कुठंच लिहिलेलं नव्हतं. गॅदरिंग असो की झेंडावंदन, इफ्रा समोर आली की मॅडमचा हात आपोआप पावडरच्या डब्याकडे जायचा. पोरीचं भलंच करतोय असं त्यांना वाटायचं. आज त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रुक्साना पुढे गेली. पंखा बाजूला केला आणि ओढणीच्या टोकाने लेकीचं तोंड पुसायला लागली. सावकाश. बघणाऱ्यांनी मोबाइल खाली घेतले.

"पाच वाजता दुसरा गट येतोय," मॅडम घाईघाईने म्हणाल्या. "तेव्हा जैतूनबी इफ्राच करेल. ये बाळा, बस हितं. तयार करते तुला." आणि त्यांनी मेकअपची पेटी उघडली.

इफ्रा समोर येऊन बसली. तिने पेटीत पाहिलं, मग मॅडमकडे.

"मला काय लावणार, मॅडम?"