पुदिन्याचा वास

खिडकीत काचेच्या पाच बरण्या. माझ्या नखांत हिरवा रंग. सासूबाईंचे मिटलेले डोळे.

तापानंतर त्यांना वास येईनासा झाला. म्हणून मी ओट्याशेजारच्या खिडकीतल्या त्या बरण्यांत पुदिना, ओवा, गवती चहा वाढवते आणि रोज एक पान चुरगळून त्यांच्या नाकाशी धरते.

"ओळखा, आई."

"तुझं डोकं!" हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

आज मात्र त्या थांबल्या. "पुदिना," म्हणाल्या.

मी आनंदाने टाळी वाजवली. त्यांनी डोळे उघडलेच नाहीत.

"गॅस बंद कर आधी."

"आई, आपण सिलिंडर कधीच काढून टाकला. शेगडी विजेची आहे."

"मग वास कुठून येतोय गं?"

सासरे भाजून गेले, त्या सकाळी गॅस गळत होता, आईंना वास आला नव्हता आणि काडी त्यांनीच ओढली होती.