खिडकीचा विषय

"खिडकी बंदच ठेवावी असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा," अध्यक्षबाई म्हणाल्या.

आठ हात तडक वर गेले. नववी मास्तरीण. तिचे दोन्ही हात वहीवर होते. अक्षर चांगलं म्हणून बुधवारच्या सभेचं टिपण तिच्याकडे होतं आणि त्यावरूनच हे नावही तिला चिकटलं होतं. आपल्याच हरण्याची नोंद तिने वळणदार अक्षरात केली : बंद आठ, उघडी एक.

लॉन्ड्रीला खिडकी एकच होती आणि ती नेमकी इस्त्रीच्या यंत्रामागे. दवाखान्याच्या चादरी दिवसभर त्या तापलेल्या रोलरमधून काढायच्या म्हणजे माणूस वाफेत उकडून निघायचा. खिडकी उघडली की यंत्रापाशी उभ्या असलेल्या बाईच्या जिवात जीव यायचा. पण तोच वारा पुढे जाऊन घड्या घालणाऱ्यांच्या मानेत शिरायचा आणि बाहेर कडाक्याची थंडी पडली होती. गेल्या चार दिवसांत मास्तरणीला दोनदा भोवळ आली होती.

तक्रार करायला मात्र तिला तोंड नव्हतं. मालक गाशा गुंडाळून गेला आणि बायकांनी मिळून लॉन्ड्री चालवायला घेतली, तेव्हा 'इथे सगळं बहुमताने ठरेल' हे फळ्यावर तिनेच लिहिलं होतं. मालकाच्या काळात पंखा कधी लावायचा हेसुद्धा मालक ठरवायचा. ते वाक्य लिहिताना तिचे डोळे भरून आले होते.

"तुला काय गं, फुकटचा शेक मिळतो," पहिलवान म्हणाली. ओल्या चादरींची अख्खी टोपली एकटीने उचलायची, म्हणून ती पहिलवान. "कुडकुडतो आम्ही."

"मग घ्या की तुम्हीपण शेक. एकेक आठवडा आळीपाळीने उभ्या राहा."

हा ठराव नऊ विरुद्ध शून्य असा पास झाला. शेक कुणाला नको होता!

दुसऱ्या आठवड्यात पहिलवान यंत्रापाशी गेली. तिसऱ्याच दिवशी तिचं तोंड भाजल्या वांग्यासारखं झालं आणि सभेत तिने खिडकीचा विषय काढला. सगळ्या पोट धरधरून हसल्या. बंद आठ, उघडी एक. पुढच्या आठवड्यात पाळी अध्यक्षबाईंची. त्यांनी स्वतःच विषय मांडला, स्वतःच मत घेतलं आणि स्वतःच हरल्या. मग आणखी एक हरली, मग आणखी एक. वहीची पानं एकसारखी दिसू लागली. हरणारीचं नाव तेवढं बदलायचं.

मास्तरीण आता घड्यांच्या टेबलाशी चांगली रुळली होती. भोवळ थांबली होती. मानेभोवती मफलर गुंडाळून ती चादरीच्या कडा जुळवत बसायची आणि बुधवारी टिपण लिहायची. ज्या त्या आठवड्यात यंत्रापाशी उभ्या असलेल्या बाईची तिला मनापासून कीव यायची.

नवव्या आठवड्यात मावशीची पाळी आली. मावशी सगळ्यांत थोरली, छातीने कमजोर. मास्तरीण नवीन असताना चादरीची कड कशी धरायची हे तिला मावशीनेच शिकवलं होतं. तुम्ही नका उभ्या राहू, असं दोघीतिघींनी म्हणून पाहिलं. "पाळी म्हणजे पाळी," मावशी म्हणाली आणि पदर खोचून उभी राहिली.

बुधवारी ती भिंत धरधरत सभेला आली. पालथ्या टोपलीवर बसली. बोलायच्या आधी तिला बराच वेळ नुसता श्वास घ्यावा लागला.

"दोन बोटं उघडली तरी चालेल," ती म्हणाली. "दम पुरत नाही गं."

या वेळी कुणी हसलं नाही. अध्यक्षबाईंनी घसा खाकरला आणि नेहमीचं वाक्य म्हटलं. बंद ठेवावी असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा. हात वर गेले, जरा रेंगाळत गेले, पण गेले.

एरवी मास्तरीण न मोजताच आठ लिहायची. आज तिने मोजले. सात.

तिने पुन्हा मोजले. सातच. तिला आत कुठेतरी आनंदाची उकळी फुटली. फुटलं, कुणीतरी फुटलं एकदाचं! इतक्या आठवड्यांत कुणाला तरी पाझर फुटला होता. ती गुणाची बाई कोण हे बघायला तिने एकेकीवर नजर फिरवली. पहिलवानचा हात वर होता. अध्यक्षबाईंचा वर होता. बाकीच्या पाचजणींचेही वर होते.

"सात भरतात," ती न राहवून म्हणाली. "एक कमी आहे."

"आठ आहेत," मावशी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, रागवायला लागणारा दमही नव्हता. "तू स्वतःला मोजत नाहीयेस."

मास्तरणीने मान वर केली. उजव्या हातात पेन होतं. डावा हात डोक्यावर सरळ उभा होता. गेले सात बुधवार तो असाच वर जात होता आणि तिने एकदाही त्याच्याकडे पाहिलं नव्हतं. लाजेने तिचे कान तापले.

"लिही, बंद आठ, उघडी एक," अध्यक्षबाई घाईने म्हणाल्या. "आणि चला कामाला."

"नाही. सातच आहेत," मास्तरीण म्हणाली आणि तिने हात खाली घेतला. त्याला कुणाचं बहुमत लागलं नाही.