सगळ्यांचा पूर्ण विश्वास

शेजाऱ्यांवर तुमचा किती विश्वास आहे, या प्रश्नाला इमारतीतल्या वीसच्या वीस बायकांनी ‘पूर्ण’ असं उत्तर दिलेलं पाहून मार्गदर्शक सरांच्या मनात पाल चुकचुकली. “घरी बसून फॉर्म रंगवले असशील, तर पीएचडीवर पाणी सोड,” असं विद्यार्थिनीला बजावून ते स्वतःच खातरजमा करायला निघाले. पहिल्याच दारातल्या काकूंनी साखळी न काढता फटीतून फॉर्म निरखला.

“अक्षर माझंच. सहीपण माझीच.”

“मग एवढा विश्वास खरंच आहे?”

काकूंनी फटीतूनच जिन्यात वर-खाली नजर टाकली आणि आवाज अगदी खाली आणला.



“अहो, तुमच्या पोरीनं आम्हा सगळ्याजणींना गच्चीवर मांडीला मांडी लावून बसवलं आणि फॉर्म भरायला दिला; दुसरं काय लिहिणार होते मी?”