दोन खिशांचा शर्ट

मास्तरांनी हातातला रबरी चेंडू दाबला आणि एमआरआयचं यंत्र थांबलं. सहन झालं नाही तर दाबा, म्हणून तो दिलेला होता. फळी सरकत बाहेर आली. मास्तर घामाने निथळत होते. आत जाऊन त्यांना पुरतं मिनिटही झालं नव्हतं.

दवाखान्याच्या झग्याची वेडीवाकडी शिवण बघून मघाशी त्यांनी नाक मुरडलं होतं. जन्मभर कपडे शिवलेला माणूस, मुरडणारच. आता झग्याचंही भान नव्हतं.

"छत पार तोंडावर येतं हो," ते म्हणाले. "श्वास घ्यायला जागाच नाही."

यंत्र चालवणारी बाई जवळ आली. ती रागावली नाही. "काका, मानेचा फोटो मिळाल्याशिवाय डॉक्टर ऑपरेशनला हात लावणार नाहीत. आज नाही झालं तर पुढची तारीख महिनाभरानं मिळेल. तोवर तुमच्या हाताचं काय होईल ते मी नाही सांगू शकत."

हाताचं काय होत होतं ते मास्तरांना ठाऊक होतं. मानेतली नस दबून उजव्या बोटांना मुंग्या यायच्या, मग काहीच कळेनासं व्हायचं आणि कात्री गळून पडायची. शिंप्याचा उजवा हात गेला की दुकानाला कुलूपच.

"बाहेर मुलगा बसलाय ना? त्याला बोलावू का आत?"

"नको. त्याच्यासमोर शोभा नको."

"मग डोळे मिटा आणि रोजचं काम मनातल्या मनात करा. काय शिवता?"

"शर्ट."

"मग शिवा एक. माझं मशीनही तुमच्या मशीनसारखंच खडखडतं."

फळी पुन्हा आत गेली. मास्तरांनी जीव मुठीत धरून डोळे मिटले. खडखडाट सुरू झाला. त्यांनी निळ्या रेघांचं सुती कापड पसरलं. पण शर्ट कोणाचा? गिऱ्हाइकांची मापं त्यांना तोंडपाठ. वकिलांचं पोट छातीच्या पुढे चालायचं, बँकेतल्या साहेबांचा डावा खांदा उतरलेला, पोस्टमनचे हात गुडघ्याकडे निघालेले. आज मात्र दारात कोणी उभं नव्हतं, कोणाला उद्याच हवं नव्हतं. चला, पोराचा शिवू, मास्तरांना वाटलं. राहूनच गेलाय.

त्यांनी खडू उचलला आणि हात थांबला. पोराची छाती किती?

आठवेना. खांदा नाही, बाही नाही, काहीच नाही. आठवत होतं ते सहावीतलं माप. त्या वेळी शाळा उघडायच्या आधी अख्ख्या गावाचे गणवेश शिवून व्हायचे आणि मास्तरांचं पोरगं पहिल्या दिवशी मागच्या वर्षीच्या आखूड शर्टात जायचं. त्याला दोन खिशांचा शर्ट हवा होता, झाकणवाल्या खिशांचा. "एवढं गिऱ्हाईक झालं की तुझाच," मास्तर म्हणायचे. घरचं गिऱ्हाईक कुठे पळून जातंय? ते पळालंही नाही. पहिल्या पगारात गुपचूप तयार शर्ट घेऊन आलं, आणि मास्तरांना तेव्हा चक्क सुटल्यासारखं वाटलं होतं. दिव्याखाली अंधार असतो हे त्यांनी ऐकलेलं होतं, वाकून कधी पाहिलं नव्हतं.

छत पुन्हा खाली आलं. बोटं चेंडूभोवती आवळली गेली. एकदा दाबला की सुटका होती. पण भीतीपेक्षा वाईट वाटणं मोठं होतं, म्हणून असेल, त्यांनी तो दाबला नाही. जे माप ठाऊक होतं त्यावरच आखायला घेतलं. सहावीतल्या पोराचा शर्ट. पाठ कापली, पुढचे दोन भाग कापले. खिसे लावले, दोन, झाकणांसकट, रेघेला रेघ जुळवून. खांदे जोडले. कॉलरची टोकं सुईने हलकेच बाहेर काढली. बाह्या बसवल्या. काजं हाताने केली, पैसेवाल्या गिऱ्हाइकाचीही करत नसत इतकी सावकाश.

खडखडाट जरा थांबला तेव्हा कानात बाईचा आवाज आला, "काका, बरे आहात ना?"

"थांबा," मास्तर म्हणाले. "बटणं राहिलीत."

फळी बाहेर आली तेव्हा बाई खूश होती. फोटो स्वच्छ आला होता. मास्तरांनी मान डोलावली, पण सुटल्याचा आनंद त्यांना झाला नाही.

कपडे बदलायच्या खोलीत मुलगा त्यांचा शर्ट धरून उभा होता. कानशिलावर पांढरे केस आलेला मुलगा. मास्तरांच्या बोटांना बटणं जमेनात, म्हणून तो पुढे झाला आणि खालून एकेक लावत वर आला. इतका जवळ आला तेव्हा मास्तरांना त्याच्या खांद्याची शिवण दिसली. खांदा सोडून दोन बोटं खाली, दंडावर उतरलेली. कापड चांगलं होतं, शिलाई सरळ होती, आणि शर्ट दुसऱ्याच कोणाचा असावा तसा लोंबत होता. रोज जेवायला समोर बसणाऱ्या पोराचं हे त्यांना आजवर दिसलं नव्हतं.

"तुझा गळा किती रे?" मास्तरांनी विचारलं.

"गळा?" मुलगा हसला. "रेडीमेडला गळा कोण विचारतं, बाबा? एल लागतं मला."

"घरी गेलो की माप देशील?"

मुलाने वरचं बटण नीट लावलं. मग कॉलर सरळ केली.

"आता कशाला, बाबा? खांद्यात थोडं सैल होतं. चालवून घेतो."