दिशाच्या निबंधाचा विषय

"माझ्या आयुष्यात काही घडलंच नाही ना, आबा!" दिशाने लॅपटॉप धाडकन मिटला आणि जेवणाच्या टेबलावर डोकं टेकलं.

दशरथ आबा तिच्या ताटातल्या बांगड्याचे काटे काढत होते. नात बारावीला आली तरी त्यांची ही सवय सुटली नव्हती. अमेरिकेतल्या कॉलेजात जायचं तर आधी स्वतःबद्दल निबंध लिहावा लागतो, एवढं त्यांना कळलं होतं. निबंध जमला नाही तर शिष्यवृत्ती नाही, आणि शिष्यवृत्ती नाही तर अमेरिकाही नाही, हेही कळलं होतं. पुढे सगळा अंधार.

"मॅडम म्हणतात, वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यायला हवं. आपल्याकडे आहे काय? नाहूरचा वन बीएचके आणि माझे क्लास!"

"माझी गिरणी बंद पडली, तां लिव."

"ते तुमचं झालं. माझं काय?"

"मग आजी?" आबांनी भिंतीकडे पाहिलं. तिथे त्यांच्या बायकोचा, माणिकचा फोटो होता. त्यावरचा चंदनाचा हार ते रोज सकाळी स्वतः पुसत. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत.

"आजी माझ्या जन्माआधीच गेली. मला कुठे आठवते!"

आबांनी साफ केलेला बांगडा तिच्यापुढे सरकवला. पोरगी रडकुंडीला आलीय आणि आपल्याला काडीचीही मदत करता येत नाही, हे त्यांना फार लागलं.

पुढे बरेच दिवस घरात कोणी धड बोलत नव्हतं. मग एका संध्याकाळी दिशा त्यांच्याजवळ येऊन बसली.

"आबा, विषय मिळाला. तुम्ही."

"माझ्यार काय लिवतलंस गो?" आबा चक्क लाजले.

"मला शाळेत सोडायचात, माशाचे काटे काढून द्यायचात..."

"अजून काढतंय की!"

दिशा त्यांच्याकडे बघेना. तिने मोबाइल पुढे धरला. "हसू नका हं. सरळ बघा." फोटो निबंधासोबत पाठवायचा असेल, म्हणून आबांनी शर्टाचं वरचं बटणही लावलं.

निबंध कॉलेजला आवडला. शनिवारी संध्याकाळी मुलाखत ठरली, घरूनच, लॅपटॉपवर. आबांनी वॉचमनपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगून टाकलं. सून माधुरी मात्र म्हणाली, "आबा, तुम्ही शुक्रवारीच बोरिवलीला सपनाताईंकडे जा ना. रविवारी या."

"मी आत बसतंय गो. आवाज करूचंय नाय."

"नको ना, आबा. प्लीज." माधुरीने हातच जोडले. पोरीला टेन्शन येत असेल, असं म्हणून आबा गेले.

पण लेकीकडे जीव लागेना. शनिवारी ते पेढे घेऊन परत निघाले आणि आपल्या चावीने हळूच दार उघडलं.

दिशा लॅपटॉपसमोर बसून इंग्रजीत बोलत होती आणि बोलता बोलता हुंदके देत होती. आबांना एक शब्द कळला नाही. पोरीला रडवतात म्हणजे काय! ते पुढे सरकले, तशी माधुरीने दोन्ही हात पसरून त्यांना दारातच अडवलं. ती नुसती मान हलवत राहिली.

आबांनी तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. दिशाच्या मागच्या भिंतीवर माणिकचा फोटो होता, पण त्याच्यावर हार नव्हता.

हार शेजारच्या नव्या फ्रेमवर चढला होता. आत शर्टाचं वरचं बटण लावलेला एक म्हातारा, न हसता, सरळ समोर बघत होता.